‘नाही’ त्याचा निरास : ज्ञानदेवांचे चरित्र आणि ‘अनुभवामृता’तील सत्ताविचार

ज्ञानदेवांचे चरित्र लिहू पाहणाऱ्यापुढील पहिली अडचण अशी, की चरित्रनायकाने स्वतःविषयी जवळजवळ काहीच लिहून ठेवलेले नाही. ‘ज्ञानेश्वरी’च्या अखेरीस ग्रंथरचनेचे स्थळ येते, यादव राजा रामचंद्राचे नाव येते, आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंतची गुरुपरंपरा येते, परंतु आळंदीचा बहिष्कार, पैठणची धर्मसभा, आईवडिलांचा अंत यांपैकी कशाचाही मागमूस तेथे लागत नाही. हे सारे आपल्याला कळते ते नामदेवांच्या नावावर असलेल्या ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधि’ या अभंगप्रकरणांतून, आणि त्यांतही मूळ किती व मागाहून पडलेली भर किती, हा प्रश्न उरतोच. म्हणजे एका बाजूला आपल्यासमोर तत्त्वचिंतनाचा भरभक्कम ग्रंथसंभार आहे आणि दुसऱ्या बाजूला भक्तांच्या स्मृतीने घडविलेले चरित्र आहे. या दोहोंना जोडणारा धागा ग्रंथकाराने स्वतः दिलेला नाही. प्रस्तुत लेखात तो शोधण्याचा प्रयत्न केला आहे. मात्र असा धागा शोधताना तो आपणच वळून तयार करण्याचा धोका असतो, याचे भान ठेवूनच.

ज्ञानदेवांच्या जन्मशकाबद्दल दोन परंपरा आहेत. एकीनुसार तो शके ११९७ (इ.स. १२७५) आणि दुसरीनुसार शके ११९३ (इ.स. १२७१). पहिली अधिक रूढ आहे व येथेही तीच गृहीत धरली आहे. घराणे पैठणजवळच्या आपेगावच्या कुलकर्ण्यांचे. वडील विठ्ठलपंत विरक्त वृत्तीचे, तीर्थयात्रेत रमणारे. आई रुक्मिणी आळंदीच्या सिधोपंतांची कन्या. विठ्ठलपंतांनी काशीस जाऊन संन्यास घेतला. पुढे, पत्नी हयात असून तिची खरीखुरी संमती नव्हती असे कळल्यावर, गुरूने त्यांना परत गृहस्थाश्रमात पाठविले. त्यानंतर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार अपत्ये झाली. धर्मशास्त्राच्या परिभाषेत विठ्ठलपंत ‘आरूढपतित’ ठरले. संन्यासाच्या पायरीवर चढून खाली उतरलेल्यास हा शब्द आहे. पण अशा माणसाच्या मुलांना कोणत्या वर्णात घालावे, यासाठी शास्त्राकडे जागाच नव्हती. मुंज करावी तर कोणत्या आधारावर? मुले डोळ्यांसमोर वाढत होती, बोलत होती, पण व्यवस्थेच्या लेखी ती कोणीच नव्हती. देहान्त प्रायश्चित्तावाचून गती नाही, असा निर्णय मिळाल्यावर विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई यांनी मुलांना मागे ठेवून देहत्याग केला, असे परंपरा सांगते.

येथे क्षणभर थांबून विठ्ठलपंतांच्या कृतीमागील तत्त्वज्ञान पाहावयास हवे. चरित्रकार बहुधा या माणसाची करुण कहाणी सांगून पुढे जातात. पण संन्यास हा केवळ स्वभावाचा भाग नसतो. त्याच्या मुळाशी सत्तेविषयीचा, म्हणजे खरोखर काय आहे आणि काय नुसतेच भासते आहे याविषयीचा, एक निश्चित सिद्धान्त असतो. दृश्य जग हे अविद्येचे कार्य आहे; ज्ञानाने अविद्या गेली की जगाचे सत्यत्व जाते; तेव्हा जे मुळात नाही त्याचा पसारा आवरून माणसाने निघावे, अशी ती विचारसरणी. विठ्ठलपंत तीनुसार वागले, आणि परतून आले तेव्हा त्यांना कळून चुकले की जे मिथ्या म्हणून सोडले होते त्याची पकड यत्किंचितही ढिली झालेली नव्हती. जग मिथ्या आहे असे मानणारी परंपरा आणि त्या जगातील वर्णाश्रमाचा एकेक नियम अढळ मानणारी परंपरा एकाच पंडिताच्या मुखी सुखाने नांदत होत्या. व्यवहारात सत्य आणि परमार्थात मिथ्या, अशा दोन सत्तांची सोय वेदान्ताने करून ठेवलेली असल्यामुळे त्यात कोणाला विसंगती वाटण्याचेही कारण नव्हते.

ज्ञानदेवांचे बालपण ज्या काळात गेले त्या काळी मराठीत या प्रश्नावर एकाहून अधिक उत्तरे दिली जात होती, हेही लक्षात घ्यावयास हवे. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ (परंपरेनुसार शके १११०, म्हणजे इ.स. ११८८, हा काळ वादग्रस्त आहे) शांकर मताची मराठी मांडणी करतो. दुसरीकडे चक्रधरस्वामींचा महानुभाव पंथ जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र व नित्य पदार्थ मानतो. त्यातील प्रपंच परमेश्वरात विरून जात नाही आणि जीव कधी परमेश्वर होत नाही. एक सत्ता मानून बाकीच्यास आभास म्हणणे, किंवा चार सत्ता मानून त्यांतील भेद कायमचा ठेवणे, असे हे दोन मार्ग होत. संस्कृतात शतकानुशतके चाललेला वाद यादवकाळात गोदाकाठच्या बोलीत उतरला होता. मराठी वाङ्मयाचा प्रारंभकाळ भक्तीचा म्हणून शिकविला जातो. तो तितकाच सत्ताशास्त्राचाही होता, हे आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच जाणवते.

ज्ञानदेवांना तिसरा मार्ग गवसला तो घरातच. परंपरा सांगते, की त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरले व तेथे त्यांना गहिनीनाथांचा अनुग्रह झाला. घटनेचा तपशील कसाही असो, नाथपंथाशी असलेले नाते ज्ञानदेवांनी स्वतः ग्रंथान्ती नोंदविले आहे. नाथपंथाची बैठक शैव आहे आणि शैवांच्या लेखी शक्ती ही शिवाहून वेगळी नाही. म्हणून शक्तीचा विस्तार असलेले जगही शिवाबाहेरचे नाही. ज्ञानदेवांनी वडीलभावाला गुरू केले आणि त्याच्याकडून ही दृष्टी घेतली. ‘अनुभवामृता’त ते शिवसूत्रांचा नामनिर्देश करून ज्ञान हेही बंधन होय या सूत्राचा आधार घेतात, यावरून काश्मीरकडील शैव विचाराचा परिचय या भावंडांपर्यंत पोचला होता एवढे निश्चित म्हणता येते. तो कोणत्या वाटेने पोचला, हा वेगळ्या संशोधनाचा विषय आहे.

पैठणच्या प्रकरणावर अधिक लिहिण्याचे येथे प्रयोजन नाही. रेड्यामुखी वेद, शुद्धिपत्र, पुढे आळंदीस चालविलेली भिंत या कथा सर्वपरिचित आहेत. उपलब्ध शुद्धिपत्राची अस्सलता अभ्यासकांनी शंकास्पद मानली आहे. चमत्कारांविषयी एवढेच नमूद करतो, की रेडा आणि भिंत या दोन्ही कथांत लोकमानसाने ज्ञानदेवांचे तत्त्वज्ञान अचूक हेरले आहे. ज्यास जड किंवा पशू म्हणून हिशेबाबाहेर ठेवले, त्यातही तेच चैतन्य आहे, हे सांगण्यासाठी कीर्तनकाराला ‘अनुभवामृत’ उघडावे लागले नाही.

पैठणहून भावंडे प्रवरेकाठी नेवाशास आली. तेथे शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ पूर्ण झाली, लेखनिक सच्चिदानंदबाबा. ग्रंथकाराचे वय तेव्हा रूढ शकाप्रमाणे अवघे पंधरा होते. इतक्या कोवळ्या वयाविषयी शंका घेतल्या गेल्या. ‘ज्ञानेश्वरी’चे कर्ते आणि अभंगकर्ते ज्ञानदेव या दोन भिन्न व्यक्ती असाव्यात, असे शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारक’ पत्रातून १८९८-९९ च्या सुमारास मांडले व त्यावर मोठे वादंग झाले. तो वाद बाजूस ठेवला तरी आपल्या विषयाच्या दृष्टीने ‘ज्ञानेश्वरी’तच एक पेच आहे. पंधराव्या अध्यायात संसाररूपी अश्वत्थाचे वर्णन करताना ज्ञानदेव या वृक्षाचे मूळच खोटे असल्याचे इतक्या विविध दृष्टान्तांनी सांगतात, की कोणताही शांकर वेदान्ती संतुष्ट व्हावा. त्याच ग्रंथात, चौदाव्या अध्यायात, जगाने परमात्मा झाकला जात नाही, कारण माणकाच्या तेजाने माणिक झाकले जात नाही, असा अगदी वेगळ्या दिशेचा विचार येतो. तेज माणकाचेच असते, आणि म्हणून त्या तेजाला दूर सारून माणिक पाहावयास जाणे हे वेडेपण ठरते. एकाच ग्रंथात दोन सूर आहेत. पहिला गीतेच्या श्लोकाने आणि भाष्यपरंपरेने हाती दिलेला, दुसरा स्वतःचा. गीतेवर टीका लिहिताना तिच्या शब्दांना धरून चालणे भाग असते.

परंपरा म्हणते, की ‘ज्ञानेश्वरी’ ऐकून निवृत्तिनाथांनी शिष्याला सांगितले, ही झाली गीतेची टीका, आता स्वतःचा अनुभव सांग. ही कथा खरी असो वा नसो, ‘अनुभवामृत’ या सुमारे आठशे ओव्यांच्या, दहा प्रकरणांच्या ग्रंथाला कोणत्याही मूळ ग्रंथाचा आधार नाही. ‘अमृतानुभव’ हे नाव अधिक प्रचलित झाले आहे. ग्रंथकर्त्याने ग्रंथान्ती वापरलेले नाव मात्र ‘अनुभवामृत’. एम.ए.च्या वर्गात हा ग्रंथ शिकविताना विद्यार्थी पहिल्या प्रकरणावर लुब्ध होतात आणि सातव्यात अडखळतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. परंतु ग्रंथाचा कणा सातव्या प्रकरणातच आहे. एकट्या ‘अज्ञानखंडना’ने ग्रंथाच्या एकतृतीयांशाहून अधिक जागा व्यापली आहे, यावरूनच ग्रंथकाराला कोणाशी झुंजावयाचे होते ते कळते.

आरंभी शिव आणि शक्ती यांच्या दांपत्याचे वर्णन येते. दोन ओठ मिळून एकच शब्द उच्चारतात, दोन डोळ्यांची दृष्टी एकच असते. तसे हे दोघे. प्रियकर-प्रेयसीच्या रूपकातून ज्ञानदेव एक कठीण प्रश्न उभा करतात. एकच असलेल्याने दोन व्हावे कशासाठी? उत्तर असे, की आवडीसाठी. एकत्व न मोडता परस्परांची गोडी घेता यावी म्हणून. कारण सांगताना दोष, भ्रम किंवा आवरण असे शब्द ते वापरत नाहीत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जगाच्या उत्पत्तीच्या मुळाशी चूक आहे की आनंद आहे, या प्रश्नावर त्यांनी पहिल्याच प्रकरणात आपली बाजू निवडली आहे.

पाचव्या प्रकरणात ते सत्, चित् व आनंद या तीन पदांचा विचार करतात. ब्रह्माची ही लक्षणे वेदान्ताने पवित्र मानलेली. ज्ञानदेवांच्या मते तिन्ही शब्द निषेधासाठी जन्मास आले आहेत. असत् नव्हे म्हणून सत्, जड नव्हे म्हणून चित्, दुःख नव्हे म्हणून आनंद. ज्याचा निषेध करावयाचा तेच जर वस्तूच्या ठिकाणी कधी नव्हते, तर निषेध करणाऱ्या शब्दांनाही तेथे काम उरत नाही. ‘आहे’ हा शब्दसुद्धा ‘नाही’च्या सोबतीशिवाय अर्थपूर्ण होत नाही. म्हणून वस्तू आहे असे म्हणणे हेही तिच्याविषयी कमीच बोलणे होय. याचा अर्थ ती शून्य आहे असा मात्र नव्हे. सगळे नाही म्हणणारा निदान ते नाहीपण जाणतो, आणि जाणणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे उत्तर त्यांनी शून्यवाद्यासाठी राखून ठेवले आहे.

सहाव्या प्रकरणात शब्दाची आधी भरभरून स्तुती आहे आणि मग त्याच शब्दाचा पराभव आहे. शब्द हा विसरलेल्याला आठवण करून देणारा आरसा. पण जो स्वतःला कधी विसरलाच नाही त्याला आठवण कोणती द्यावयाची? शब्दाने अविद्येचा नाश केला असे म्हणावे, तर अविद्या मुळात असावयास हवी. येथे ज्ञानदेव थट्टेच्या रंगात येतात. अविद्येला मारणे म्हणजे आभाळाची साल सोलणे; जांभई वाटून तिचा रस काढावा, त्यात आळस कालवावा आणि तो शीर नसलेल्या धडाला पाजावा, तसला हा उद्योग. तर्काच्या ऐन भरात त्यांना हसू येते. मराठी तत्त्वचिंतनाच्या पुढील इतिहासात हे हसू फारसे कोणाला साधले नाही.

सातव्या प्रकरणाची मांडणी समजण्यासाठी प्रतिपक्ष नीट ठाऊक असावा लागतो. शंकराचार्यांनंतरच्या वेदान्त्यांनी अज्ञानाला भावरूप मानले. ते सत् नव्हे, कारण ज्ञानाने नाहीसे होते, आणि असत् नव्हे, कारण जगाचा भास घडविते. म्हणून ते अनिर्वचनीय, दोन्ही कोटींपलीकडचे. मग ते राहते कोठे? वाचस्पतिमिश्रांच्या परंपरेने उत्तर दिले, जीवाच्या ठिकाणी; विवरणकारांच्या परंपरेने सांगितले, ब्रह्माच्या ठिकाणी. रामानुजाचार्यांनी ‘श्रीभाष्या’त या अविद्येवर सात आक्षेप घेतले, त्यांत आश्रयाचा प्रश्न अग्रभागी होता. ज्ञानदेवही तेथूनच सुरुवात करतात. अज्ञान ज्याच्या आश्रयाने राहते त्याला ते अज्ञानी करते की नाही? करीत असेल, तर सगळेच अज्ञान झाले आणि तेथे अज्ञान आहे ही साक्ष देण्यास कोणी उरले नाही. करीत नसेल, तर त्याला अज्ञान म्हणावयाचे कशाला? न जाळणाऱ्याला अग्नी म्हणण्यासारखेच ते होईल. मिठाची मासोळी ही त्यांची कल्पना येथे आठवते: पाण्यात विरते आणि पाण्याबाहेर जगत नाही. अज्ञानाची गत तशीच. ज्ञानरूप आत्म्यात राहावे तर विरून जाते, आणि आत्म्याबाहेर जागा नाही.

मग प्रतिपक्षी अनुमानाकडे वळतो. अज्ञान दिसत नसले तरी त्याचे कार्य, हा जगाचा अफाट पसारा, समोर दिसतो. कार्यावरून कारण मानावे. याला ज्ञानदेवांनी दिलेले उत्तर त्यांच्या समग्र विचाराचे शिखर आहे. जे दिसते आहे, स्वतःला दाखविते आहे, प्रकाशते आहे, त्याला अंधाराचे अपत्य कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? हा तर उजेड आहे. दृश्य हे ज्ञानाचेच रूप. आत्मा स्वतःच द्रष्टा होतो, स्वतःच दृश्य होतो, आणि पाहणे या क्रियेत स्वतःलाच भोगतो. त्यासाठी त्याला दोन व्हावे लागत नाही. पाणी लाटांनी खेळते तेव्हा पाण्यात पाण्याहून दुसरे काही आलेले नसते. यालाच पुढे ‘चिद्विलास’ हे नाव रूढ झाले.

रामानुज आणि ज्ञानदेव येथे एकमेकांपासून दुरावतात. रामानुजांनी अविद्या नाकारली आणि त्यासाठी जीव व जगत् यांना ब्रह्माचे शरीर मानून भेदाला जागा दिली. ज्ञानदेवांनी अविद्या नाकारली आणि अद्वैतात कणभरही तडजोड केली नाही. म्हणूनच त्यांच्यावरचे ओझे अधिक अवघड आहे. अज्ञानच नसेल तर बद्ध कोण, मुक्त कोण, आणि हा ग्रंथ तरी कोणासाठी? दहाव्या प्रकरणात त्यांनी या प्रश्नाला बगल दिलेली नाही. सगळे आधीच स्वयंप्रकाश असताना बोलण्याचे प्रयोजन काय, हे ते स्वतःच विचारतात. त्यांचे उत्तर तर्काचे नाही, मेजवानीचे आहे. गुरुकृपेने जे लाभले ते एकट्याने खाऊ नये, सर्व जगाला वाढावे. तर्कदृष्ट्या हे समाधानकारक आहे असे मी म्हणणार नाही. पण पहिल्या प्रकरणातील आवडीचा मुद्दा मनात ठेवला तर ते सुसंगत आहे.

आता मूळ धाग्याकडे वळू. ज्या मुलाला शास्त्राने कोणत्याही कोटीत जागा दिली नाही, त्याने मोठेपणी सत्-असत् यांच्यापलीकडची कोटी नाकारून जे जे दिसते ते ते सत्याचेच स्फुरण ठरविले, यात एक भारून टाकणारी संगती आहे. वडिलांनी जग सोडले ते ज्या सिद्धान्ताच्या बळावर, त्या सिद्धान्ताचा मुलाने मुळावरच घाव घालावा, हीही तशीच संगती. ती नाकारावी असे मला वाटत नाही. तथापि तिला कारण म्हणता येणार नाही. बहिष्काराच्या अनुभवातून जग मिथ्या ठरविणारे तत्त्वज्ञानही तितक्याच सहजपणे निघू शकले असते, किंबहुना तेच अधिक अपेक्षित होते. शिवाय निवृत्तिनाथांकडून आलेली शैव परंपरा दृष्टिआड करून सगळे श्रेय दुःखाला देणे हे विचारवंतावर अन्याय करणारे आहे. ग्रंथात कोठेही तक्रार नाही, वडिलांचे नाव नाही, धर्मसभेवर रोष नाही. चरित्रकाराने हे मौन भरून काढण्याचा मोह आवरावा.

या ग्रंथाचा अर्थ लावताना विसाव्या शतकात अभ्यासकांत तीव्र मतभेद झाले. पांडुरंगशर्मा यांनी ज्ञानदेव मायावादी नव्हेत असे प्रतिपादून त्यांच्या मताला ‘स्फूर्तिवाद’ हे नाव दिले. डॉ. शं. दा. पेंडसे यांनी उलट बाजू घेतली. ज्ञानदेव शंकराचार्यांच्याच परंपरेतले, आणि त्यांचे अज्ञानखंडन हे परमार्थाच्या पायरीवरून केलेले, शांकर मतालाही मान्य असलेलेच प्रतिपादन होय, असे त्यांचे म्हणणे. पेंडसे यांचा मुद्दा हलका नाही. अंतिम भूमिकेवर अविद्या नाही हे शंकराचार्यांनाही अमान्य नसते. पण ज्ञानदेव अंतिम भूमिकेवर जगही नाही, असे म्हणत नाहीत. तेथे ते जगाला आत्म्याचा विलास म्हणून ठेवून घेतात. माझ्या समजुतीप्रमाणे फरकाची रेषा येथे आहे आणि ती पुसता येत नाही.

त्या विलासात माणसाने जगावे कसे, हा नवव्या प्रकरणाचा विषय. ज्ञान्याचे चालणे हीच यात्रा, बोलणे हाच जप. भक्त देव झाला तरी भक्ती संपत नाही. एकच डोंगर कोरून देव, देऊळ आणि परिवार घडविता येतो, मग ऐक्यात भक्तीचा व्यवहार का घडू नये, असा त्यांचा सवाल आहे. पैठणच्या परिसरात वाढलेल्या माणसाला वेरूळ ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. कैलास लेण्यात शिखर, नंदी, गज आणि गाभारा हे सारे एकाच खडकाचे आहे. कोठेही सांधा नाही. दृष्टान्त तेथूनच घेतला असे सिद्ध करता येत नाही, पण ‘अनुभवामृत’ वाचून झाल्यावर कैलासासमोर उभ्या राहणाऱ्या अभ्यासकाला तो आठवल्यावाचून राहणार नाही.

हाच विचार ज्ञानदेवांनी ‘चांगदेवपासष्टी’त पासष्ट ओव्यांत पुन्हा मांडला. दीर्घायुषी योगी चांगदेव यांनी ज्ञानदेवांना पत्र लिहावयास घेतले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की अधिकाराने मोठे म्हणून नमस्कार, हे न ठरल्याने कोराच कागद पाठविला, अशी कथा आहे. मायन्यात अडकलेल्या त्या योग्याला मिळालेले उत्तर मायन्याच्या पलीकडचे होते. सोने आपले सोनेपण जराही न गमावता दागिना होते, तसे ते तत्त्व जग होते. आणि पाहणारा, पाहणे व पाहिलेले ही त्रिपुटी मावळली तरी त्या तत्त्वाला उणेपण येत नाही. ‘मी’ आणि ‘तू’ यांची भेट होण्यापूर्वीच ती झालेली आहे. पुढे चांगदेवांनी मुक्ताबाईंना गुरू केले, असे परंपरा सांगते.

नामदेवांसह केलेल्या तीर्थयात्रेनंतर ज्ञानदेव आळंदीस आले आणि शके १२१८च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस (इ.स. १२९६) सिद्धेश्वराच्या सान्निध्यात, इंद्रायणीकाठी, त्यांनी समाधी घेतली. वय एकवीस. त्याच वर्षाच्या आरंभी अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी करून रामदेवरावास नमविले होते. या दोन घटनांचा संबंध जोडण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्यांस आधार नाही.

परंतु या समाधीने एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जग हे चैतन्याचा विलास असेल, चालणे हीच यात्रा असेल, तर एकविसाव्या वर्षी ते आवरते का घ्यावयाचे? वडिलांनी काशीत जे केले त्याहून हे वेगळे कसे? तत्त्वज्ञानाच्या अंगाने उत्तर देता येते: ज्यास जाणे-येणे नाही त्याला समाधी ही राहण्याचीच एक रीत, ‘संजीवन’ हे विशेषण त्यासाठीच. विठ्ठलपंत जगाला मिथ्या समजून निघाले, ज्ञानदेवांनी जगाला मिथ्या म्हटले नाही. हे उत्तर ग्रंथाशी जुळते. माझे मात्र त्याने पूर्ण समाधान होत नाही, आणि नामदेवांचेही झाले नसावे असे ‘समाधि’ प्रकरण वाचताना वाटते.

कारण त्या अभंगांत सिद्धान्ताला फारसा वाव नाही. तेथे कार्तिकातली आळंदी आहे, समाधीची जागा झाडून तयार करणारी माणसे आहेत, जमलेले संत आहेत. सोपान व मुक्ता यांचा शोक आहे. आणि ज्यांनी या शिष्याला जाणे-येणे नाही हे शिकविले, ते निवृत्तिनाथ स्वतःला सावरू शकत नाहीत, असे नामदेव दाखवितात. गुरूच्या डोळ्यांतील पाणी त्यांनी झाकले नाही. पुढच्या महिन्यात सोपानदेवांनी सासवडला समाधी घेतली. शके १२१९च्या वैशाखात तापीकाठी मुक्ताबाई गेल्या, आणि ज्येष्ठात, त्र्यंबकेश्वरी, निवृत्तिनाथ.